मोठी म्हणजे कोणती

या कारखान्यात पाय सुटे मोजतात. जोडी हा शब्द बुटांच्या दुकानातला. इथे येणाऱ्यांचे दोन पाय एकाच माणसाचे असले तरी एकमेकांचं तोंड बघत नाहीत: एक आखूड, दुसरा वाकडा, एकाची टाच टेकत नाही, दुसऱ्याची बोटं एकमेकांवर चढून बसलेली. म्हणून प्रत्येक पाय काचेवर ठेवून यंत्रानं मोजायचा, त्याचा आकार संगणकात साठवायचा. तो आकार वाचून आतल्या खोलीतलं कोरणयंत्र फोमच्या ठोकळ्यातून हुबेहूब तसाच पाय काढतं आणि त्या पायावर बूट शिवतात. गिऱ्हाईक दोन वर्षांनी नवा बूट मागायला आलं तरी पाय पुन्हा मोजावा लागत नाही. असे अकरा वर्षांचे पाय साठले होते.

ते सांभाळायचं काम ताईकडे. ताई नेमकी कोणाची ताई, हे विचारू नये. ज्याचं काम अडलं असेल त्याची. मूळ नेमणूक भांडारातली, म्हणजे चामडं, नाड्या आणि खळीचे डबे. पण सर्व्हरची खोली भांडाराला लागून होती आणि तिची किल्ली ताईच्या जुडग्यात होती. बहुतेक जबाबदाऱ्या अशाच वाटल्या जातात. अक्कल कोणाकडे आहे हे नंतर बघतात, आधी किल्ली बघतात.

सर्व्हरला आठ कप्पे, शून्यापासून सातपर्यंत, आणि प्रत्येक कप्प्यात एक डिस्क. त्यांच्यावर एक कंट्रोलर कार्ड. हे कार्ड म्हणजे एकत्र कुटुंबातला कर्ता पुरुष. तीन-चार डिस्का एकत्र बांधायच्या आणि बाहेर एकच पाटी लावायची. त्या पाटीला व्हर्च्युअल ड्राइव्ह म्हणतात. बाहेरच्याला वाटतं घरात एकच माणूस राहतो. आत कोण किती ओझं उचलतं, ते कार्डालाच ठाऊक.

पाट्या दोन होत्या. शून्य ते तीन कप्प्यांची पहिली ड्राइव्ह केली तेव्हा कार्डानं नाव विचारलं. ताईला काही सुचेना, तिनं लिहिलं: थोरली. तिच्यात पाय. दोन वर्षांनी चार, पाच, सहा या कप्प्यांत दुसरी केली, तिचं नाव ओघानंच धाकटी. तिच्यात दारावरच्या कॅमेऱ्याचं चित्रण आणि जुन्या बुटांचे फोटो. पण तोवर डिस्का अंगानं सुटल्या होत्या, त्यामुळे धाकटी थोरलीच्या अडीचपट निघाली. सातवा कप्पा राखीव: कोणी आजारी पडलं तर त्याच्या जागी उभं राहायला. या कार्डाची मोजदादही उलटी. पहिल्या ड्राइव्हला त्यानं दोनशे एकोणचाळीस नंबर दिला, दुसरीला दोनशे अडतीस.

हे सगळं ताईला भावोजींनी शिकवलं होतं. भावोजी म्हणजे तिच्या धाकट्या बहिणीचा नवरा. त्यांचा धंदाच हा. सर्व्हरही त्यांच्याच हातून आलेला. मात्र स्वतः यायला त्यांना सवड नसे. ते फोनवरून सांगत, ताई टाइप करी. काम नीट झालं की भावोजी म्हणत, "आपण केलं." बिघडलं की म्हणत, "तुम्ही काय केलंत?"

त्या मंगळवारी काम साधं होतं. गुडघ्यापर्यंत पाय मोजणारं नवं यंत्र गुरुवारी येणार होतं आणि त्याला जागा हवी होती. भावोजींच्या डोक्यात बेत पक्का होता: धाकटी मोडायची, तिच्या तीन डिस्का मोकळ्या करायच्या, त्यांच्यावर नवी ड्राइव्ह बांधायची. ताईला एवढंच माहीत, की एक ड्राइव्ह मोडायची आहे. रविवारी भावोजींनी घरबसल्या सर्व्हरला जोडून घेतलं होतं आणि संध्याकाळी निरोप धाडला होता: "हवं ते सगळं हलवलंय. मंगळवारी फक्त काढायचं." काय हलवलं, कुठून कुठे, हे त्या निरोपात नव्हतं. ताईनं विचारलंही नाही. घरी आईला उठवून बसवायची वेळ झाली होती.

साडेदहाला फोन वाजला. मागे गाडीचा आवाज.

"ताई, बसलात का समोर?"

"बसलेय. कधीची."

"काळी खिडकी उघडा आणि यादी मागवा. सी-शून्य, व्ही-ऑल, शो."

ताईनं टाइप केलं. "आली यादी."

"किती दिसतायत?"

"दोनच आहेत, दोनच दिसणार. मी काय तिसरी घालू?"

भावोजी हसले. मग जरा घुटमळले. "त्यातली ती... आपली... मोठी. मोठी काढून टाका."

"मोठी?"

"हो हो, मोठी. तिची गरज काय आता? उगाच जागा अडवून बसलीय."

इथे एखाद्या ताज्यातवान्या माणसानं म्हटलं असतं, अहो, तिच्यात पाय आहेत. पण ताजंतवानं माणूस त्या खुर्चीत बसलं नव्हतं. नऊ महिन्यांमागे आईचं खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हापासून ताईची झोप तुकड्यातुकड्यांत होती. शिवाय मोठीनं बाजूला व्हायचं, हे वाक्य तिच्या कानाला नवीन नव्हतं. खिडकीजवळची जागा, पुढचं शिक्षण, आईची खोली कोणाच्या घरात, प्रत्येक वाटणीत ते तिनं ऐकलं होतं: तू मोठी आहेस, तू समजून घे. ऐकून ऐकून ते वाक्य कानातून थेट बोटांत उतरत असे, वाटेत डोक्याला भेटत नसे. हवं ते सगळं हलवलंय म्हणजे पायही हलवले असतील, एवढा विचार मात्र तिनं केला. तेवढ्यापुरतं तिच्या बाजूनं लिहून ठेवायला हवं.

"सी-शून्य, व्ही-दोनशे एकोणचाळीस, डिलीट," ती टाइप करता करता पुटपुटली. गाडीच्या आवाजात नंबर कोणाला ऐकू आला नाही.

"हे नाही म्हणतंय," ती म्हणाली. "ड्राइव्ह वापरात आहे म्हणे."

"म्हणणारच. आत काही असलं की ते एकदा कुरकुरतंच. मागे फोर्स लावा."

ताईनं फोर्स लावलं. खाली एक ओळ उमटली: यशस्वी.

आतल्या खोलीतून कोरणयंत्राचा आवाज येत होता, तो थांबला. पाठोपाठ ते यंत्र चालवणारा साचेवाला दारात आला. चष्म्यावर, मिशीवर, भुवयांवर फोमचा पांढरा भुगा. या वेषात तो वयापेक्षा पंधरा वर्षं शहाणा दिसे.

"ताई, पाय थांबला."

"कोणता?"

"लिफ्टवाल्याचा डावा. घोट्यापर्यंत आला आणि थांबला. पुढचा आकार सापडत नाही म्हणतोय. मी दुसरा पाय मागितला, तोही नाही. एकही नाही. सगळी यादीच कोरी."

ताईनं पडद्याकडे पाहिलं. यादीत एकच ओळ उरली होती आणि तिच्यापुढे नाव होतं: धाकटी.

ती ओरडली नाही. फोन कानाला लावून तिनं सावकाश विचारलं, "भावोजी, पाय कुठे हलवलेत तुम्ही?"

"पाय? पाय कशाला हलवू? पाय आहेत तिथेच. मी बुटांचे फोटो हलवले, धाकटी... म्हणजे त्या मोठीतून थोरलीत."

"मग तुम्ही मोठी काढा म्हणालात."

"हो! मोठी! जी मोठी आहे ती! अडीचपट मोठी आहे ताई, समोर आकडा असतो!"

"मोठी म्हणजे थोरली. आधी जन्मली ती. नंबरही तिचाच मोठा."

"अहो, डिस्कमध्ये कोणी वय बघतं का?"

"मग धाकटी काढा असं सरळ का नाही म्हणालात? नाव लिहिलंय ना तिथे?"

भावोजी आवाज खाली आणून म्हणाले, "बाजूला ही बसलीय. फोन गाडीत सगळ्यांना ऐकू येतो. 'धाकटी काढून टाका, गरज काय तिची,' असं कसं म्हणू मी?"

त्याच फोनमधून ताईच्या बहिणीचा आवाज आला. घरात तिला जन्मापासून धाकटीच म्हणत आलेले. "म्हणजे मला वाईट वाटू नये म्हणून तुम्ही ताईला उडवलंत?"

त्या वाक्यात डिस्कपेक्षा बरंच काही होतं, आणि तिघांनाही ते उघडून बघायचं नव्हतं.

साचेवाला अजून दारात होता. "ताई, नक्कल असेल ना?"

नक्कल होती. मालकांच्या कपाटात एक काळी पेटी होती, तीत दर महिन्याला पायांची नक्कल उतरवायची पद्धत होती. पद्धत शेवटची पाळली त्याला नऊ महिने झाले होते. पुढची नक्कल उतरवायची तेव्हा ताई दवाखान्यात होती. परत आल्यावर पुढच्या महिन्यात करू म्हणाली, आणि पुढचा महिना नऊ वेळा आला. साचेवाल्यानं मोजणीची वही काढून आकडा सांगितला: नऊ महिन्यांचे चारशे अकरा पाय. विषम, कारण एक गिऱ्हाईक एकाच पायाचं होतं.

चारशे अकरा म्हणजे माणसं कोण? पुन्हा कोणाला बोलवायचं? शस्त्रक्रियेआधीचा पाय मोजून ठेवलेले काही होते, तो पाय आता त्यांच्याकडेही नव्हता. काही जण दुसऱ्या गावाहून दोन माणसांच्या खांद्यांवर आले होते. आणि पहिलाच माणूस समोरच्या खोलीत बाकावर बसला होता: लिफ्टवाला, एका पायात बूट, दुसऱ्यात सपात. त्याचा जुना बूट सकाळीच टाचेतून फाटला होता.

ताई बाहेर जाऊन त्याला म्हणाली, "काका, वेळ लागेल. किती ते सांगता येत नाही."

"लागू दे. मी माणसं वर-खाली करतो, मला थांबायची सवय आहे." त्यानं आत मान वळवून कोरणयंत्राकडे पाहिलं. "माणसं मधल्या मधे अडकलेली पुष्कळ बघितली. पाय अडकलेला पहिलाच."

ताई खुर्चीत परतली. "भावोजी, भांडण नंतर. पाय परत येतात का, तेवढं सांगा."

भावोजींनी गाडी बाजूला घेतली असावी, आवाज शांत झाला होता. आणि हेही लिहून ठेवायला हवं, की कामाचं विचारलं तेव्हा माणूस कामाचं बोलला. "येतात. डिस्कांवरचं काही पुसलेलं नाही, नुसती दारावरची पाटी गेलीय. त्याच डिस्का, त्याच क्रमानं, माहितीचे तेवढेच तुकडे पाडून पुन्हा बांधल्या तर घर जसंच्या तसं उघडतं. फक्त इनिशियलाइझ हा शब्द चुकूनही लिहायचा नाही. तो लिहिला की सगळं धुतलं जातं."

"आणि क्रम चुकला तर?"

"तर उघडणार नाही. पण वाईट ते पुढेच. पाच मिनिटांनी कार्ड आपणहून झाडलोट सुरू करतं आणि चुकीच्या क्रमानं हिशोब जुळवत सुटतं. मग उरलंसुरलंही जातं."

"मग आधी त्याचा झाडू काढून घ्या."

"अं? हो, हो. ती झाडलोट बंद करता येते. सांगतो."

त्यांनी सांगितलं, तिनं केलं. मग ते म्हणाले, "आता तुकडा. केवढा ठेवला होता तेव्हा?"

"जो आधीच लिहिलेला होता, तोच. मी काही बदलत नसते."

"सुटलो. आता क्रम: शून्य, एक, दोन, तीन. टाइप करा."

ताईची बोटं कीबोर्डवर गेली आणि थांबली. "दोन नंबरची डिस्क मध्यंतरी गेली होती. सातवी तिच्या जागी उभी राहिली होती."

"आठवतंय की. मीच नवी पाठवली, तुम्ही दोनमध्ये बसवलीत. नवी आली की कार्ड सातवीवरचं सगळं दोनमध्ये माघारी आणतं आणि सातवी परत राखीव. म्हणून शून्य ते तीन."

"आणलं का पण माघारी?"

"आणणारच ना. नियमच आहे."

"नियम मला माहीत आहे. झालं का ते विचारतेय."

डिस्क बसवली त्याच दिवशी आईला ऑपरेशनला नेलं होतं. कप्पा बंद करताना खिशातला फोन वाजत होता एवढं तिला आठवत होतं. कुठला दिवा लागला, कुठला विझला, काही आठवत नव्हतं. आणि आता पाटीच गेल्यामुळे सगळे दिवे सारखेच, मुकाट.

"कार्ड त्याची रोजनिशी ठेवतं ना?" ती म्हणाली. "काय झालं, केव्हा झालं?"

"ठेवतं. पण साडेतीन हजार ओळी असतील ताई. वाचत बसाल तर संध्याकाळ होईल."

"होऊ दे."

"मी काय म्हणतो, आधी सरळ क्रम लावून तर बघू. नाहीतर—"

"भावोजी," ताई म्हणाली, "सकाळपासून तुम्ही म्हणालात ते सगळं केलं. आता मी वाचते. तुम्ही चहा प्या."

आणि तिनं फोन ठेवला. धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा फोन आपण होऊन ठेवण्याची तिची ही पहिलीच वेळ, लग्नाला एकोणीस वर्षं झाली तरी.

कार्डाची रोजनिशी म्हणजे कंटाळवाण्या माणसाची रोजनिशी. बॅटरी तपासली, ठीक आहे. तापमान तपासलं, ठीक आहे. पुन्हा तपासलं, पुन्हा ठीक आहे. ताई एकेक ओळ बोटानं दाबून धरावी तशी वाचत होती. बाराला साचेवाला चहा ठेवून गेला, एकला गार झालेला घेऊन गेला. दीडच्या सुमारास ती त्या आठवड्यात पोचली.

दोन नंबरची डिस्क निकामी, दुपारी दोन दहा. त्या वेळी ती एका खिडकीपाशी उभी राहून डॉक्टरांच्या कागदावर सही करत होती. नातं या रकान्यात 'मुलगी' लिहिल्यावर कारकुनानं विचारलं होतं, मोठी का? सातवीवर बांधणी सुरू. बांधणी पूर्ण, पहाटे. त्या पहाटे ती बाकावर बसल्या बसल्या झोपली होती. दोन दिवसांनी दोनमध्ये नवी डिस्क. माघारी आणणं सुरू, सकाळी नऊ बावीस. म्हणजे भावोजी बरोबर होते. तिनं हुश्श केलं, खिडकी बंद करायला हात उचलला.

पण सुरू आणि पूर्ण हे दोन वेगळे शब्द आहेत, हे भांडारातल्या माणसाला सांगावं लागत नाही. माल निघाला म्हणजे पोचला नव्हे. ती पुढे वाचत राहिली. बॅटरी ठीक. तापमान ठीक. अठरा ओळींनंतर एक ओळ: माघारी आणणं रद्द, नऊ एक्कावन्न. लगेच खाली: सर्व्हर बंद. नऊ एक्कावन्नला मुख्य स्विच तिनंच पाडला होता. खोली बंद करून दवाखान्यात पळायचं होतं आणि यंत्र चालू ठेवून जाऊ नये असं तिला वाटलं होतं. त्यानंतर कुठेच पुन्हा सुरू झाल्याची नोंद नव्हती. राखीव असलेली सातवी नऊ महिने दोन नंबरच्या डिस्कचं ओझं वाहत होती. कोणी तिला मोकळं केलंच नव्हतं.

ताईनं फोन लावला. "शून्य, एक, सात, तीन."

"नक्की?"

"लिहिलंय तिथे."

"ताई, लिहिताना..."

"इनिशियलाइझ नाही. माहीत आहे. आणि झाली की लगेच फक्त वाचायला उघडायची, लिहायला नाही, असंही करता येत असेल ना?"

"येतं," भावोजी म्हणाले. आणि पुढे, "हे मला सुचायला हवं होतं." एकोणीस वर्षांत असं वाक्य त्यांच्या खात्यावर नव्हतं.

तिनं कमांड लिहिली. लिहून दोनदा वाचली, मग साचेवाल्याला बोलावून त्याला मोठ्यानं वाचायला लावली. त्याला त्यातलं काही कळत नव्हतं, पण तो आकडे चांगले वाचे. मग एंटर.

कार्डानं नवी ड्राइव्ह बांधली. मोकळा झालेला दोनशे एकोणचाळीस नंबर तिला दिला आणि जन्मतारीख टाकली आजची. ताईनं ती फक्त वाचण्यापुरती उघडली आणि साचेवाल्याला म्हणाली, "बघा जाऊन."

तो गेला. फोनवर भावोजींचा श्वास ऐकू येत होता, त्यामागे बहिणीचा. समोरच्या खोलीत लिफ्टवाला खोकला.

"आहेत!" साचेवाला आतून ओरडला. "ते चारशे अकराही! एका पायाचा पण आहे!"

मग कोरणयंत्राचा आवाज सुरू झाला. घोट्याच्या खाली, जिथे थांबला होता तिथून.

ताईनं दोन्ही तळहात टेबलावर पालथे ठेवले आणि तशीच बसून राहिली. आनंद व्हायला अंगात थोडी शिल्लक लागते.

"वा!" भावोजी म्हणाले. "आपण केलं, ताई! तुम्ही केलंत, म्हणजे. आता काय, अर्धा दिवस आहे अजून. हात फिरला आहेच तर ती दुसरीही काढून टाकू आजच. म्हणजे गुरुवारची काळजी नको."

"आज नाही."

"अहो, पाच मिनिटांचं—"

"आज मी काहीही काढणार नाही. आधी सगळ्या पायांची नक्कल उतरते, मी इथे बसून पूर्ण झाली ही ओळ बघते, मग घरी जाते. उद्या तुम्ही या."

"उद्या? मी?"

"तुम्ही. फोनवर नको. बोट ठेवून दाखवा, कोणती ते."

फोनमध्ये खुसपुस झाली. मग बहिणीचा आवाज जवळ आला. "ताई, उद्या आम्ही दोघंही येतो. हे तुझ्याकडे, मी आईकडे. तू परत येईपर्यंत थांबते. उशीर झाला तरी."

ताईला सवयीनं म्हणायचं होतं, राहू दे, मी करते. ते वाक्य तोंडाशी आलंही होतं.

"ये," ती म्हणाली. "आईला दुपारचं औषध जेवणानंतर असतं. आधी देऊ नकोस."

फोन ठेवून ती कपाटातली काळी पेटी आणायला उठली. परत आल्यावर नक्कल लावली आणि ती सुरू असताना काळ्या खिडकीत दोन छोट्या कमांड लिहिल्या, दोन्ही ड्राइव्हांची नावं बदलणाऱ्या. एकीचं नाव: पाय. दुसरीचं: कॅमेरा. यादी मागवून एकदा पाहिली. आता ती यादी कोणीही वाचली असती तरी काय काढायचं आणि काय ठेवायचं हे कळलं असतं, वाचणारा कितीही दमलेला असला तरी.

साचेवाला फोमचा डावा पाय घेऊन बाहेर आला आणि लिफ्टवाल्याच्या मांडीवर ठेवून म्हणाला, "घ्या, ओळख पटवा."

लिफ्टवाल्यानं तो उलटासुलटा करून पाहिला, अंगठ्याच्या सांध्यावरून हात फिरवला. "माझाच आहे," तो म्हणाला. "एवढा वाकडा दुसऱ्या कोणाचा असणार?"

आत नक्कल सहा टक्क्यांवर होती. ताईनं खुर्ची पडद्याकडे ओढली.